ताणा घराण्याचा, बाणा रोजचा

मंडळी, आमच्या नागपुरात 'बीपी' हा शब्द मोठा गमतीनं वापरला जातो. "त्याले बीपी आहे," असं आपण सहज म्हणतो. खरं तर बीपी म्हणजे रक्तदाब, आणि ज्याचं हृदय चालू आहे अशा प्रत्येकाला तो असतोच. ज्याला अजिबात बीपी नाही, त्याच्यासाठी चार खांदेकरी शोधावे लागतात. पण आपण 'बीपी आहे' म्हणतो तेव्हा तो वाढलेला आहे, असं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. तसाच दुसरा शब्द 'टेन्शन'. डॉक्टर लोक या आजाराला हायपरटेन्शन म्हणतात. त्यातलं 'टेन्शन' ऐकलं की आपल्याला वाटतं, हा डोक्यातल्या काळजीचा आजार. डॉक्टरांच्या मनात असतो तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा ताण. शब्द एक आणि अर्थ दोन. आम्हा कवींना असे शब्द फार आवडतात. दवाखान्यात मात्र ते माणसाला फसवतात.

कसे फसवतात ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काकाजी आहेत. मी त्यांना एकदा म्हटलं, "काकाजी, बीपी तपासून घ्या ना एकदा." तर म्हणाले, "मले कायचं टेन्शन, राजा? पोरगं कमावते, मी दोन टाइम जेवतो, रात्री घोरत झोपतो. मले कायले होते बीपी?" हे झालं एक टोक. दुसरं टोक आमच्याच घरात आहे. माझे थोरले भाऊ, भाईजान, आमच्या घरच्या बोलीत जे म्हणतात त्याचं मराठी असं होईल, "आपल्या खानदानातच आहे ते. दादांना होतं, अब्बांना होतं. जे नशिबात आहे ते होणार. गोळ्या खाऊन काय बदलणार आहे?"

काकाजी म्हणतात ताण नाही म्हणून आजार नाही. भाईजान म्हणतात आजार घराण्यातच आहे म्हणून इलाज नाही. दोघंही अर्धं खरं बोलतात, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर दोघंही वर्षानुवर्षं रक्तदाब मोजायचं टाळत आले. आज मला बोलायचं आहे ते उरलेल्या अर्ध्याबद्दल.

मी डॉक्टर नाही. मी बी. ए. आहे, तोही मराठी वाङ्मय घेऊन. तरी या विषयाच्या मागे लागलो, त्याचं कारण अब्बा. अब्बा मोमिनपुऱ्यात हातमागावर विणकाम करायचे. पहाटे मागाचा खटखटाट सुरू व्हायचा आणि त्या आवाजानं आम्हाला जाग यायची. पुढे यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, हातमाग एकेक करून बसत गेले. सुताच्या व्यापाऱ्याची उधारी वाढत गेली. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. अब्बा कधी आवाज चढवायचे नाहीत. चिडणं, ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. काळजी असली की ते आणखी गप्प व्हायचे, एवढंच. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दवाखान्यात मोजला तेव्हा वरचा रक्तदाब दोनशेच्या पुढे होता. त्याआधी तो कधी मोजलेलाच नव्हता. त्यानंतर अब्बा सात वर्षं जगले, पण धोटा पुन्हा हातात धरू शकले नाहीत.

मला स्वतःला रक्तदाब असल्याचं कळलं ते सेहेचाळिसाव्या वर्षी, एका रक्तदान शिबिरात. मोठ्या उत्साहानं रांगेत उभा होतो. तिथल्या मुलीनं पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "काका, तुमचं रक्त आज नको. आधी डॉक्टरांना भेटा." मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या मुलीनं विचारलं, "अब्बा, दादाजानना होता, तुम्हाला आहे. मग माझंही ठरलेलंच का?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ते शोधत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारलं, मिळालं ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. अंगणात पाणी मारायचा रबरी पाइप डोळ्यांसमोर आणा. पाइपमधला दाब दोन गोष्टींवर ठरतो. नळ किती सोडला आहे आणि पाइपचं तोंड किती दाबून धरलं आहे. आपलं हृदय हा नळ. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकतं. लहान लहान धमन्या हे पाइपचं तोंड. त्या आवळल्या की दाब वाढतो, सैल झाल्या की उतरतो. हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे ते विसावतं तेव्हाचा खालचा. शांतपणे, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहत असेल, तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

या कारभारात तिसरा एक भागीदार आहे, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. तो म्हणजे मूत्रपिंड, आपल्या भाषेत किडनी. शरीरात मीठ किती ठेवायचं आणि किती बाहेर टाकायचं, याचा हिशेब ती ठेवते. मीठ राहिलं की त्याच्यासोबत पाणी राहतं, पाणी राहिलं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाबही वाढतो. पुढची निम्मी गोष्ट या हिशेबाचीच आहे.

आता भाईजानच्या बाजूनं विचार करू. रक्तदाब घराण्यातून येतो का? येतो. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९७० च्या दशकात संशोधकांनी अशी कुटुंबं तपासली, ज्यांत पोटची मुलंही होती आणि दत्तक घेतलेली मुलंही. एकच छप्पर, एकच स्वयंपाकघर. तरी आईवडिलांच्या रक्तदाबाशी पोटच्या मुलांच्या रक्तदाबाचं साम्य स्पष्ट दिसलं, दत्तक मुलांचं फारच कमी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातूनही तेच पुढे आलं. माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असा अंदाज आज मानला जातो.

पण ती येते कशी? गेल्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन नामवंत डॉक्टरांत यावरून मोठा वाद रंगला होता. प्लॅट यांचं म्हणणं, रक्तदाबाचा एक वेगळा जनुक असतो. तो ज्याच्याकडे आला त्याला आजार, नाही आला तो सुटला. पिकरिंग म्हणायचे, तसं नाही, रक्तदाब हा माणसाच्या उंचीसारखा आहे. उंच आणि बुटके असे दोनच गट नसतात, मधे सगळ्या उंचीची माणसं असतात. अनेक जनुकांनी थोडा थोडा हात लावून ती ठरवलेली असते.

काळानं पिकरिंग यांच्या बाजूनं कौल दिला. एकाच जनुकाच्या बिघाडामुळे होणारा उच्च रक्तदाब आहे, पण तो अतिशय दुर्मीळ. अमेरिकेतले डॉ. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये असं एक कुटुंब नोंदवलं, ज्यात मूत्रपिंड मीठ सोडायलाच तयार नव्हतं. बाकी कोट्यवधी लोकांचा मामला निराळा आहे. २०२४ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाशी नातं सांगणाऱ्या दोन हजारांहून अधिक जागा आढळल्या. त्यातली एकेक जागा दाबात जेमतेम मिलिमीटरच्या अंशाचा फरक पाडते. थेंबे थेंबे तळे साचे तसं सगळं मिळून मात्र बरंच होतं. ज्यांच्या वाट्याला असे थेंब सर्वांत जास्त आले आणि ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी, त्या दोन टोकांच्या गटांत वरच्या आकड्याचा फरक सरासरी १७ च्या आसपास निघाला. हा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे, हेही सांगायला हवं. आपल्या लोकांचे आकडे जसेच्या तसे तेच निघतील असं नाही.

म्हणजे भाईजान म्हणतात ते खोटं नाही. पण एक गोष्ट ते विसरतात. घराणं आपल्याला नुसते जनुक देत नाही. घराणं चवही देतं. आमच्या अम्मीच्या हातचं लिंबाचं लोणचं, दस्तरखानावर पापड, सालनात अंमळ पुढे असलेलं मीठ, आणि तरी भातावर चिमूटभर वरून. ही सवय अम्मीला तिच्या अम्मीकडून आली आणि आम्हाला तिच्याकडून. शेजारच्या हिंदू घरांतही निराळं काही नव्हतं. सकाळी तर्री-पोहे, त्यावर मूठभर शेव, संध्याकाळी चिवडा. देशभरातल्या पाहणीत माणशी रोजचं मीठ ८ ग्रॅमच्या आसपास निघालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, आणि त्यात लोणचं-पापड-फरसाणातलंही आलं. ज्याच्या मूत्रपिंडाला वारशानंच मीठ धरून ठेवायची खोड आहे, त्याच्या ताटात वारशानंच जास्त मीठ येत असेल, तर दोष नशिबाला किती द्यायचा आणि बरणीला किती?

आणि काळजी मनात दाबून गप्प बसायची सवय? तीही घराण्यातूनच येते. मला ती अब्बांकडून आली आहे.

इथून आपण काकाजींच्या टेन्शनकडे वळू. अचानक ताण आला की दाब वाढतो, यात वाद नाही. रस्त्यात अंगावर ट्रक आला तर मेंदू क्षणात हुकूम सोडतो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात धावतं, धमन्या आवळतात, मूत्रपिंडालाही निरोप जातो की मीठ-पाणी धरून ठेव, गरज पडेल. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठी आहे. ट्रक गेला की दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. पण ताण ट्रकसारखा निघून जाणारा नसेल तर? कर्जाचा हप्ता, घरातला आजारी माणूस, मुलाची नोकरी, कोर्टाची तारीख, हे रोज सकाळी दारात उभेच. मग तोच हुकूम दिवसातून अनेकदा सुटत राहतो. सततच्या दाबाखाली धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होऊ लागतात. मानेतल्या मोठ्या धमन्यांत दाब मोजणारे पहारेकरी असतात, त्यांनाही वाढलेल्या दाबाची सवय होऊन जाते. आपण नागपूरकर मे महिन्यात ४५ अंश सोसतो आणि एखाद्या दिवशी ४१ झालं की म्हणतो, आज बरं वाटतं बुवा. हे पहारेकरी तसेच. ते चढलेल्या दाबालाच रोजचा समजू लागतात आणि तो खाली आणायचा प्रयत्न सोडून देतात.

मनापासून धमनीपर्यंत जाणारी ही वाट खरोखर आहे, याचा एक सुंदर पुरावा आपल्या महाराष्ट्रानं जगाला दिला. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याकडे जुन्या काळापासून औषधात आहे. बिहारकडे तिची मुळी वेडावरचं औषध म्हणून विकली जायची. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं की ही मुळी मनाचा क्षोभ शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या छापल्या. तेव्हा कुठे पाश्चात्त्य जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. नंतर कळलं की रिसर्पिन चेतातंतूंच्या टोकाशी साठवलेली नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रिकामी करतं. मन आणि धमनी ज्या दूतांमार्फत बोलतात, ते दूतच कमी होतात. त्यामुळे एकच मुळी दोन्हीकडे काम करत होती. काहींना मात्र तिच्यामुळे खोल उदासी यायची. पुढे जास्त चांगली औषधं आली आणि ती मागे पडली. म्हणून कोणी आजचं भाषण वाचून झाडपाल्याच्या दुकानात जाऊ नये, एवढी विनंती.

वाट आहे हे कळलं. पण वर्षानुवर्षांचा ताण खरोखर आजार घडवतो का? हे सिद्ध करणं सोपं नाही, कारण दाब मोजायला पट्टा आहे, ताण मोजायला नाही. तरी काही अभ्यास विचार करायला लावतात. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात डॉक्टरांनी मठात एकांतवासात राहणाऱ्या १४४ नन आणि त्याच भागातल्या १३८ संसारी स्त्रिया निवडल्या आणि तीस वर्षं त्यांचा रक्तदाब मोजला. सुरुवातीला दोन्ही गटांचं वय, वजन, रक्तदाब, घराण्यातला इतिहास हे मिळतंजुळतं होतं. मिठातही फरक नव्हता. संसारी बायकांचा दाब वयासोबत चढत गेला. ननांचा जवळपास होता तिथेच राहिला. तीस वर्षांत एकीचाही खालचा आकडा ९० च्या वर जाऊन राहिला नाही.

आता आपण सगळे काही मठात जाऊन बसू शकत नाही. म्हणून दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. अमेरिकेत कारखाने बंद पडणार होते, तेव्हा कास्ल आणि कॉब या संशोधकांनी तिथल्या कामगारांच्या घरी परिचारिका पाठवून त्यांचा रक्तदाब मोजला. नोकरी जायच्या आधी, गेल्यावर आणि दुसरी मिळाल्यावर. १९७० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. दाब नोकरी गेल्यावर वाढलेला होता, पण नोकरी जाणार म्हणून वाट पाहत होते तेव्हाही तो चढलेलाच होता. नवी नोकरी मिळून ती पक्की झाल्यावर तो उतरला. ज्यांची बेकारी लांबली, त्यांचा लवकर उतरला नाही.

नागपूरकरांना हे अमेरिकेतून शिकायची गरज नाही. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली आणि पुढे त्या जागेवर मॉल उभा राहिला. गिरणी बंद होण्याआधी ती बंद होणार-होणार म्हणून जी वर्षं जातात, ती ज्यांनी कामगारांच्या वस्त्यांत काढली, त्यांना त्या चढलेल्या आकड्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. माझे अब्बा गिरणीत नव्हते, पण त्यांचा मागही रोज थोडा थोडा बंदच होत होता.

काही ताण तर इतके बारीक असतात की आपण त्यांना ताण म्हणतही नाही. भाड्यानं घर शोधताना मी नाव सांगतो आणि समोरचा माणूस क्षणभर थांबतो. कधी खोली मिळते, कधी "आत्ताच दिली" असं उत्तर मिळतं. तो थांबलेला क्षण फार छोटा असतो. पण पुढच्या दारावर जाताना तो आधीच माझ्या छातीत येऊन बसलेला असतो. जात, धर्म, गरिबी, बाईचं बाई असणं, असे क्षण आपल्या देशात पुष्कळांच्या वाट्याला येतात. अमेरिकेतल्या जॅक्सन शहरात कृष्णवर्णीयांच्या दीर्घ अभ्यासात २०२० मध्ये दिसलं, की आयुष्यभर भेदभाव जास्त सोसलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोकाही जास्त होता.

ताण आणखी एका आडवाटेनं येतो. ताण असलेला माणूस झोपत नाही, चालत नाही, आणि आमच्या नागपुरात तो खर्रा खातो. "टेन्शन आलं बावा, एक खर्रा घोट," हे वाक्य पानठेल्यावर दिवसातून शंभरदा ऐकू येतं. तंबाखू त्या क्षणी मन हलकं करते असं वाटतं. आत ती हृदयाला पळवत असते आणि धमन्या आवळत असते. ज्या ताणावर उतारा म्हणून खर्रा घेतला, त्याच ताणाचं काम तो पुढे चालू ठेवतो.

मग काकाजींना ताण नाही, तर ते सुटले का? नाही. ताण हे एक कारण झालं. वय, वजन, मीठ, घराणं ही बाकीची कारणं त्यांची विचारपूस करून येत नाहीत. शांत, हसतमुख, गाढ झोपणाऱ्या माणसाचाही रक्तदाब १७० असू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याला काहीही जाणवत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १ लाख १३ हजार लोकांच्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरच्या ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. म्हणजे तिघांमागे एकाहून थोडे जास्तच. पानठेल्यावर तिघं मित्र उभे असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. विणकराच्या घरातला असल्यानं मला उत्तर मागावर सापडलं. मागावर दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे आधी ताणून बसवतात, तो ताणा. आडवा धागा धोट्यातून एकेक फेरीनं घातला जातो, तो बाणा. ताणा बसला की विणकराला तो बदलता येत नाही. त्यात एखादा धागा कच्चा असेल तर तो सांभाळून, हात हलका ठेवून विणावं लागतं. पण कापड नुसत्या ताण्याचं होत नाही. घराण्यानं दिलेले जनुक हा ताणा. जेवण, झोप, चालणं, काळजी, गोळी हा रोजचा बाणा.

ही नुसती कवीची उपमा नाही. ब्रिटनमध्ये पावणेतीन लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांवरून त्यांचे कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे तीन गट केले. तिन्ही गटांत ज्यांचं राहणीमान चांगलं होतं त्यांचा रक्तदाब कमी निघाला. सर्वांत वाईट ताणा घेऊन आलेल्यांनाही चांगल्या बाण्याचा फायदा झालाच. म्हणून मी मुलीला सांगितलं, "बेटा, ठरलेलं नाही. पण तुला इतरांपेक्षा लवकर आणि जास्त वेळा मोजावं लागेल." घराण्यात आजार आहे, याचा मला कळलेला उपयोग हाच. ती आगाऊ मिळालेली सूचना आहे. ती अब्बांना कोणी दिली नव्हती.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण त्यातही चुका होतात. आधी अर्धा तास चहा, विडी, खर्रा नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असू द्या. मोजताना बोलू नका. एका आकड्यानं घाबरू नका आणि एका आकड्यानं निर्धास्तही होऊ नका. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. आणि वाढलेला निघाला तर गोळीला भिऊ नका. "एकदा सुरू केली की सवय लागते," असं लोक म्हणतात. चष्म्याची जशी सवय लागते तशीच ती. गोळी सोडल्यावर दाब पुन्हा चढतो, कारण आजार तिथेच असतो. आमच्याकडे रमजानात पुष्कळ लोक स्वतःच गोळी बंद करतात. तसं करू नये. डॉक्टरांना आधीच भेटलं तर बहुतेकांची गोळी सहरी किंवा इफ्तारच्या वेळेवर बसवता येते. मी तसंच करतो.

हे सगळं श्रीमंतांचं काम नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे वर्धा आणि भंडारा होते, शिवाय सातारा आणि सिंधुदुर्ग. त्याची पद्धत साधी होती. सगळ्यांसाठी ठरलेला सोपा औषधोपचार, सरकारी दवाखान्यात मोफत गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि घराजवळच पुढची तपासणी. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे इलाज गावाच्या वेशीपर्यंत आलेला आहे. हात पुढे करून पट्टा बांधून घेणं, एवढं आपल्याकडे राहतं.

ताणाचं काय करायचं, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कर्ज असलेल्या माणसाला 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं म्हणजे भिजलेल्याला 'पावसात जाऊ नका' म्हणण्यासारखं आहे. सुताची उधारी फेडायला अब्बांना पैसे हवे होते, उपदेश नको होता. पण आज मागे वळून पाहताना वाटतं, त्यांनी कोणाजवळ तरी बोलायला हवं होतं आणि आम्ही विचारायला हवं होतं. मी आता रोज पहाटे चालायला जातो. भातावरचं मीठ सुटलं, लोणचं शुक्रवारपुरतं उरलं. रात्री जेवताना घरात एकमेकांना विचारायची पद्धत पाडली आहे, की आज काय झालं. पहिले काही दिवस सगळे लाजले. आता मुलगीच आधी मला विचारते.

काकाजींच्या दुकानात मी एकदा माझं मशीनच घेऊन गेलो. आकडा १७२ आला. म्हणाले, "तुमची मशीन बिघडली." दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला, १६८. मग काही बोलले नाहीत. दुकान अर्धा तास बंद करून माझ्यासोबत डॉक्टरांकडे आले. भाईजानना पटवायला जास्त दिवस लागले. शेवटी मी म्हटलं, "भाईजान, सगळं नशिबानंच येतं म्हणता ना? मग ही गोळीही नशिबानंच तुमच्यापर्यंत आली असं समजा." ते हसले आणि पाण्याचा पेला मागितला.

माझी मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात मोजला तेव्हा तिचा रक्तदाब ११८ आणि ७६ होता. तारखेसकट आकडा तिनं वहीत लिहून ठेवला आहे. आमच्या घराण्यात असा आकडा लिहून ठेवणारी ती पहिली. या आठवड्यात तुम्हीही आपल्या घरात एक वही करा. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा, आणि ज्याला 'मले कायचं टेन्शन' म्हणायची सवय आहे, त्याचं नाव सर्वांत वर लिहा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित मजकूर)